कॉर्डलेस माईकला फँटम लागतो का?

लागत नाही. फँटम म्हणजे मिक्सर माईकच्या केबलमधूनच माईकला पाठवतो ती वीज. तिचं मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबून कुठलाही कॉर्डलेस माईक चालू होत नाही, त्याचा आवाज वाढत नाही आणि सेलही जास्त टिकत नाहीत. तरी हा प्रश्न साऊंडच्या कामात नवख्या माणसाला हमखास पडतो, आणि पडणं साहजिक आहे. कॉर्डलेसमध्ये वीज एका ठिकाणाहून येतच नाही. जाळीमागच्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाला, एक वीज लागते, हातातल्या किंवा कमरेच्या ट्रान्समीटरला दुसरी, टेबलावरच्या रिसीव्हरला तिसरी. शिवाय रिसीव्हर ज्या मिक्सरला लावलाय तो, फँटम चालू असला की, आपल्या सॉकेटमधून चौथी वीज बाहेर पाठवत असतो, जी कोणी मागितलेलीच नसते. बहुतेक घोटाळे या चौथीमुळे होतात.

फँटम काय करतो

कंडेन्सर माईकच्या आत छोटं सर्किट असतं आणि त्याला वीज द्यावी लागते. त्यासाठी वेगळी वायर न टाकता, ज्या तीन पिनांच्या केबलमधून आवाज मिक्सरकडे येतो त्याच केबलमधून वीज माईककडे पाठवतात. एक्सएलआर पिनेत, म्हणजे साऊंडवाले जिला कॅनन म्हणतात तिच्यात, पिन १ ग्राउंड असते आणि २ व ३ वर आवाज असतो. मिक्सर २ आणि ३ या दोन्हींवर ६.८ किलोओहमच्या एकेका रेझिस्टरमधून ४८ व्होल्ट डीसी देतो. दोन्ही पिनांवर दाब सारखाच, त्यामुळे त्यांच्यातला फरक शून्य राहतो. बॅलन्स्ड माईक इनपुट फक्त फरक ऐकतं, म्हणून ही वीज आवाजात मिसळत नाही. साधा वायरवाला डायनॅमिक माईक फँटम चालू असलेल्या चॅनलवर बिनधोक चालतो तोही याच कारणाने: कॉइलच्या दोन्ही टोकांना एकच दाब, मग करंट वाहणार कसा?

४८ हा आकडा नॉर्वेतून आला. १९६६ मध्ये न्यूमन कंपनीने आपला ट्रान्झिस्टरचा माईक तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेला, एनआरकेला दिला. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीपासून होती, तिच्यावरच माईक चालावा असं ठरलं आणि केएम ८४ तसा बनला. आजच्या मानकात ४४ ते ५२ व्होल्ट चालतात आणि एका माईकने जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर घ्यावेत अशी मर्यादा आहे.

आता इथे एक हिशेब करून टाकू, कारण त्यात अर्ध्या शंका मिटतात. ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर धरले तर ३.४ किलोओहम होतात. ४८ व्होल्टमधून त्यांच्यामार्फत जास्तीत जास्त किती शक्ती काढता येईल? सुमारे ०.१७ वॅट. दोन पेन्सिल सेलवर चालणारा ट्रान्समीटर ३ व्होल्टवर १५० ते २५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण वॅट. रिसीव्हर १२ व्होल्टवर दीडशे-दोनशे मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दोन वॅटच्या आसपास. तेव्हा फँटम हवेतून जात नाही हे तर खरंच, पण उद्या तो वायरने नेऊन पोचवला तरी त्यावर ना ट्रान्समीटर चालेल ना रिसीव्हर. फँटमची ताकदच एका माईकच्या सर्किटापुरती आहे.

एक अपवाद लोक पुढे करतात. सेनहायझरच्या एव्हीएक्स संचातला रिसीव्हर कॅमेऱ्याच्या एक्सएलआर सॉकेटात सरळ खोचला जातो, आणि कॅमेऱ्याचा फँटम चालू केला की आपोआप चालू होतो. तो फँटमवर चालतो असं वाटतं, पण त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे. फँटमचा उपयोग तो फक्त ‘कॅमेरा चालू झाला’ हे ओळखण्यासाठी करतो.

कॅप्सूलला वीज कोण देतं

हँड माईकच्या जाळीमागे बहुधा डायनॅमिक कॅप्सूल असते. शूअरच्या एसएम ५८ चं कॉर्डलेस डोकं घ्या: कॉइल आणि चुंबक, वीज नकोच. पण काही हँड माईकवर कंडेन्सर डोकं असतं. शूअर बीटा ८७ए वायरवाला घेतला तर त्याला ११ ते ५२ व्होल्टचा फँटम लागतो. तेच डोकं ट्रान्समीटरवर बसवलं की त्याची वीज ट्रान्समीटर आपल्या सेलमधून काढून देतो. ‘वायरवाल्याला फँटम लागत होता, मग याला का नको’ ही शंका इथून येते. वीज त्यालाही लागतेच, फक्त देणारा बदलला.

कॉलर माईक आणि हेडसेट हे बहुतेक इलेक्ट्रेट कंडेन्सर असतात. इलेक्ट्रेटच्या पडद्यावर किंवा मागच्या पत्र्यावर विद्युतभार कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे ४८ व्होल्टची गरज राहत नाही. आतल्या एका इवल्याशा ट्रान्झिस्टरला, एफईटीला, दोन ते पाच व्होल्ट मिळाले की भागतं. याला बायस म्हणतात आणि तो कमरेचा बॉडीपॅक देतो.

बायस कुठल्या पिनेवर येतो यात मात्र कंपन्यांचं एकमत नाही. शूअरच्या चार पिनांच्या छोट्या जोडणीत १ ग्राउंड, २ वर पाच व्होल्टचा बायस आणि ३ वर आवाज येतो. एकेजीच्या तीन पिनांच्या छोट्या जोडणीत १ ग्राउंड, २ आवाज, ३ बायस. सेनहायझर इव्होल्यूशनच्या ३.५ मिलिमीटर स्क्रूवाल्या पिनेत टोकावर आवाज आणि बायस एकत्र असतात, मधल्या कड्यावर लाइन इनपुट आणि शेवटी ग्राउंड. त्यामुळे एका कंपनीचा कॉलर माईक दुसरीच्या पॅकवर लावायला ‘पिन बसली’ एवढं पुरत नाही. बायस भलत्या तारेवर गेला तर माईक मुका राहतो किंवा आवाज बारीक आणि फाटका येतो. पिना कापून नव्याने डाख द्यायचा असेल तर आधी दोन्हींचे नकाशे समोर घ्या.

आणखी एक चूक नेहमी होते. स्टुडिओतला एक्सएलआरवाला कंडेन्सर माईक छोटी अडॅप्टर केबल लावून बॉडीपॅकला जोडतात. पॅक पाच व्होल्ट देणार, माईकला हवेत ४८. आवाज येत नाही, आणि मग दोष ट्रान्समीटरच्या माथी. उलट दिशेने, म्हणजे कॉलर माईक वायरने मिक्सरला लावायचा असेल, तर फँटम उतरवून बायस देणारा अडॅप्टर मध्ये असायलाच हवा. नुसती केबल लावली तर पाच व्होल्टच्या एफईटीवर ४८ व्होल्टची लाइन येते.

सेल

ट्रान्समीटर सेलवरच चालतो, आणि कार्यक्रमात कॉर्डलेस बंद पडण्याचं पहिलं कारण सेलच असतात. रेडिओ बिचारा फुकट बदनाम होतो.

दोन पेन्सिल सेलच्या ट्रान्समीटरसाठी चांगले अल्कलाइन सेल ठीक. त्यांचा दाब ताजेपणी दीड व्होल्टच्या थोडा वर असतो आणि हळूहळू उतरत एका व्होल्टपर्यंत येतो, त्यामुळे ट्रान्समीटरवरची सेलची खूण बऱ्यापैकी खरं सांगते. घड्याळ-रिमोटसाठी मिळणारे स्वस्त झिंक-कार्बन सेल मात्र इथे चालवू नका. दोनशे मिलिअँपिअरचा सततचा भार त्यांना झेपत नाही. मोकळे मोजले तर दीड व्होल्ट दाखवतात, ट्रान्समीटरमध्ये घातले की दाब कोसळतो. म्हणूनच सेल मल्टीमीटरने नुसता मोजून ‘भरलेला आहे’ म्हणू नये. सेलच्या दोन टोकांवर ५ ते १० ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर पाचेक सेकंद धरून मोजा. तेव्हाही १.३ व्होल्टच्या वर राहिला तर अल्कलाइन सेल कामाचा.

रोज वापर असेल तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल परवडतात. त्यांचा दाब १.२ व्होल्ट, क्षमता २,००० ते २,५०० मिलिअँपिअर-तास. २,००० ला २०० ने भागलं की दहा तास येतात, पण कागदावरच; जुना सेल, थंडी किंवा ट्रान्समीटरने वेळेआधी बंद होणं धरून सात-आठ तासच गृहीत धरा. त्यांचा दाब शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि शेवटच्या काही मिनिटांत पडतो. ट्रान्समीटरच्या मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो निवडा, नाहीतर नवा भरलेला सेलही अर्धा रिकामा दिसेल. एक ताजा आणि एक दमलेला सेल कधी एकत्र घालू नये. दोन्ही एकापाठोपाठ जोडलेले असतात. कमकुवत आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून उलटा करंट ढकलत राहतो. सेल अशाने मरतात. जोड्या करून त्यांवर क्रमांक टाकायची सवय लावली की हा त्रास संपतो.

हल्ली दीड व्होल्टचे रिचार्जेबल लिथियम पेन्सिल सेल मिळतात. त्यांच्या आत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि दाब उतरवणारं छोटं सर्किट असतं. ट्रान्समीटरला ते अखेरपर्यंत पूर्ण दीड व्होल्ट देतात, आणि संपले की एकदम बंद. खूण भरलेली दिसत असतानाच माईक गप्प होतो. काही सेलांमधल्या त्या सर्किटाची बारीक शिटीही आवाजात येते. म्हणून आधी शांत खोलीत हेडफोन लावून तपासा, मगच कार्यक्रमाला न्या.

आणि एक धोक्याची गोष्ट. पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल बाजारात असतो, टॉर्चसाठी. तो ३.७ व्होल्टचा असतो, पूर्ण भरल्यावर ४.२. असे दोन घातले तर तीन व्होल्टच्या ट्रान्समीटरवर आठ व्होल्टच्या वर दाब जातो. ट्रान्समीटर गेलाच समजा.

जुन्या किंवा स्वस्त माईकमध्ये चौकोनी ९ व्होल्टचा सेल असतो. अल्कलाइन असेल तर त्यात जेमतेम पाच-साडेपाचशे मिलिअँपिअर-तास भरतात. रिचार्जेबल निकेल असेल तर दोनशेच्या आसपास, आणि त्यातल्या सहा सेलवाल्यांचा खरा दाब ७.२ व्होल्ट असतो. काही ट्रान्समीटर एवढ्यालाच ‘सेल संपला’ समजून लाल दिवा लावतात. सात सेलवाला, ८.४ व्होल्टचा घेतला तर ही अडचण कमी होते.

कार्यक्रम संपला की सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल फुटला की पांढरा क्षार स्प्रिंगवर जमतो आणि खातो. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळवा. नाट्यगृहात किंवा कीर्तनात बॉडीपॅक दोन-तीन तास घामात असतो. तिथे सेल ठणठणीत असूनही गंजलेल्या स्प्रिंगमुळे आवाज तुटतो. पॅकवर हलकी टिचकी मारली आणि दिवा लुकलुकला तर तो दोष स्प्रिंगचा.

प्लग-ऑन: जिथे फँटम खरंच कामाला येतो

कॉर्डलेसच्या जगात फँटमचा प्रश्न मनापासून विचारावा अशी जागा एकच. प्लग-ऑन ट्रान्समीटर म्हणजे वायरवाल्या माईकच्या बुडाला खोचायचा ठोकळा. तो कुठल्याही एक्सएलआर माईकला कॉर्डलेस करतो. पण माईक कंडेन्सर असेल तर त्याचा फँटम या ठोकळ्यानेच द्यायला हवा, कारण मिक्सरपर्यंत जाणारी वायरच उरली नाही.

सगळे ठोकळे तो देत नाहीत. सेनहायझरच्या एसकेपी १०० जी४ मध्ये फँटम नाही, एसकेपी ५०० जी४ मध्ये ४८ व्होल्टचा आहे. बाजारातल्या स्वस्त २.४ गिगाहर्ट्झ जोड्यांपैकी बऱ्याच काहीच देत नाहीत, काही १२ व्होल्ट देतात. १२ पुरतात की नाही हे माईकवर अवलंबून. शूअर एसएम ८१ बारावर चालतो. रोड एनटी१-ए ला २४ किंवा ४८ हवेत. एकेजी सी४१४ एक्सएलएस ४८ च मागतो. कमी दाबावर माईक पूर्ण मुका होईलच असं नाही. आवाज येतो, पण मोठ्या आवाजाला फाटतो किंवा सूं सूं वाढते, आणि दोष शोधायला वेळ जातो.

तीन व्होल्टच्या सेलमधून ४८ व्होल्ट तयार करायचे म्हणजे सेल जास्त खाल्ले जाणारच. सी४१४ सारखा माईक ४.५ मिलिअँपिअर घेतो. ४८ व्होल्टला ते ०.२ वॅटच्या वर जातं, आणि दाब चढवणाऱ्या सर्किटातली गळती धरली तर सेलवर ऐंशी-नव्वद मिलिअँपिअरचा जादा भार पडतो. आठ तासांचा संच पाच-सहा तासांवर येतो. एसएम ८१ सुमारे एकच मिलिअँपिअर घेतो, त्याने फारसा फरक जाणवत नाही. डायनॅमिक माईक लावला असेल तर ट्रान्समीटरच्या मेनूत जाऊन फँटम बंद करा.

ठोकळ्यात फँटम नसेल तर दुसरी वाट म्हणजे स्वतःचा सेल असलेला माईक. रोडच्या एनटीजी२ मध्ये एक पेन्सिल सेल घालता येतो, आणि तो चारशे तासांहून जास्त टिकतो असं कंपनी सांगते. सिनेमाच्या जुन्या सामानात मात्र सावध राहा. तिथल्या काही गन माईकना, म्हणजे लांब नळीच्या माईकना, फँटमऐवजी टी-पॉवर लागते, म्हणजे पिन २ आणि ३ यांच्यामध्येच १२ व्होल्ट. फँटमशी तिचा मेळ नाही, आणि दिसायला माईक अगदी सारखेच. सेनहायझरच्या एमकेएच ४१६ च्या नावापुढे ‘टी’ असेल तर तो हा प्रकार.

रिसीव्हरची वीज

टेबलावरचा रिसीव्हर भिंतीवरच्या अडॅप्टरवर चालतो, बहुधा १२ ते १५ व्होल्ट डीसी. अडॅप्टर हरवला की दुसरा कुठलातरी लावतात, तेव्हा तीन गोष्टी जुळायला हव्यात: व्होल्ट, ध्रुव आणि मिलिअँपिअर. मिलिअँपिअर जास्त चालतात, कमी नाही. ध्रुव रिसीव्हरच्या मागे गोल-ठिपक्याच्या खुणेने छापलेला असतो. काही अडॅप्टर दिसायला तसेच पण एसी देणारे असतात, त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं. जुना ट्रान्सफॉर्मरवाला, दाब न सांभाळणारा अडॅप्टर लावला तर हम ऐकू येतो. लोक मग केबल बदलत बसतात.

कॅमेऱ्यावरचे आणि फोनचे छोटे रिसीव्हर आतल्या लिथियम बॅटरीवर चालतात किंवा फोनकडूनच वीज घेतात. फोनच्या यूएसबी-सी भोकात लावायचा रिसीव्हर ‘चालता चालता बंद पडतो’ ही तक्रार आपल्याकडे फार. ओप्पो, विवो, रियलमी यांच्या बऱ्याच फोनांत ओटीजी, म्हणजे यूएसबीला लावलेली वस्तू फोनने चालवण्याची सोय, सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि वापर नसला की ते दहा मिनिटांनी स्वतः बंद होतं. मुलाखतीची तयारी करताना लावून ठेवलेला रिसीव्हर रेकॉर्डिंगच्या वेळी मेलेला असतो तो यामुळे. रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी ओटीजी पुन्हा बघा.

चार्जिंगला लावून वापरताना घर्रघर्र आली तर चार्जर काढून पॉवर बँक लावून बघा. घर्रघर्र गेली तर दोष चार्जरचा.

रिसीव्हर आणि मिक्सर यांच्यामधली वायर

आता मूळ घोळाकडे. समजा, कार्यक्रमाला समूहगानासाठी एक कंडेन्सर माईक उभा आहे. त्याला फँटम हवाच. यामाहा एमजी१०एक्सयू सारख्या छोट्या मिक्सरवर फँटमचं एकच बटण असतं, ते दाबलं की सगळ्या एक्सएलआर माईक सॉकेटांवर ४८ व्होल्ट येतात. कॉर्डलेसचा रिसीव्हर त्यातल्याच एकाला लावलेला असतो, आणि त्याच्या बाहेर पडण्याच्या दारातून ४८ व्होल्ट आत शिरू पाहतात.

चांगल्या रिसीव्हरच्या बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुटवर ट्रान्सफॉर्मर किंवा पुरेशा दाबाचे कपॅसिटर असतात. डीसी तिथेच अडते. अशा रिसीव्हरला फँटमचा उपयोगही नाही आणि बाधाही नाही. माहितीपत्रकात फँटमपासून संरक्षण आहे असा उल्लेख शोधा, मिळाला तर पुढचा भाग वाचायची गरज नाही.

बाधा होते ती बिनसंरक्षणाच्या आउटपुटला, विशेषतः ६.३५ मिलिमीटरच्या मोनो जॅकपासून घरी बनवलेल्या एक्सएलआर केबलमुळे. त्या केबलमध्ये जॅकचं टोक पिन २ ला आणि बाही, म्हणजे टोकामागचा धातूचा दांडा, पिन १ व ३ ला एकत्र जोडलेली असते. फँटम चालू होताच पिन ३ चे ४८ व्होल्ट सरळ ग्राउंडला भिडतात. ६.८ किलोओहममधून सात मिलिअँपिअर वाहतात आणि मिक्सरच्या त्या रेझिस्टरमध्ये एक-तृतीयांश वॅट उष्णता तयार होते. तो पाव वॅटचा असेल तर हळूहळू भाजतो. पिन २ चे ४८ व्होल्ट रिसीव्हरच्या आउटपुट कपॅसिटरवर जातात. तो १६ किंवा २५ व्होल्टचा असतो, आणि कित्येकदा उलट्या ध्रुवाने ताण सोसतो. त्याच दिवशी काही होत नाही. काही आठवड्यांनी खरखर सुरू होते, आवाज बारीक होतो, बेस जातो, आणि तोवर केबल कोणाच्या लक्षातही नसते.

उपाय स्वस्तातून महागाकडे असे. रिसीव्हरचा जॅक मिक्सरच्या ६.३५ मिलिमीटरच्या लाइन इनपुटला लावा. जिथे एकाच भोकात एक्सएलआर आणि जॅक दोन्ही बसतात, तिथेही फँटम फक्त एक्सएलआरच्या पिनांवर असतो. मंडपातल्या साध्या पीए अ‍ॅम्प्लिफायरला जॅकचेच इनपुट असतील तर प्रश्नच मिटला. चॅनलगणिक फँटम असलेला मिक्सर असेल तर त्या चॅनलचा बंद ठेवा. एक्सएलआरशिवाय गत्यंतर नसेल तर मध्ये पॅसिव्ह डीआय बॉक्स घाला; त्यातला ट्रान्सफॉर्मर आवाज पुढे जाऊ देतो, डीसी नाही. सिग्नल वीसेक डेसिबलने उतरतो, ते माईक इनपुटला उलट बरंच. सोल्डरिंग येत असेल तर २ आणि ३ या दोन्ही पिनांच्या तारेत ४७ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा एकेक कपॅसिटर, धन बाजू मिक्सरकडे ठेवून, बसवता येतो. मोनो जॅकच्या केबलमध्ये पिन ३ आणि ग्राउंड एकत्र असतात. ते कपॅसिटरच्या अलीकडे, रिसीव्हरच्या बाजूला जोडा, पलीकडे नाही.

कॅमेऱ्याच्या छोट्या रिसीव्हरची तऱ्हा वेगळी. त्याचं आउटपुट ३.५ मिलिमीटरचं, आणि टोक व कडं या दोन्हींवर बहुधा तोच आवाज असतो. तयार मिळणारी स्टिरिओ-जॅक-ते-एक्सएलआर केबल टोक पिन २ ला आणि कडं पिन ३ ला जोडते. बॅलन्स्ड इनपुट दोघांतला फरक घेतं, दोन्ही सारखे म्हणून फरक शून्य, आवाज गुल. रिसीव्हरवरचा दिवा नाचतो, मिक्सरवर काही नाही. यासाठी रोडचा व्हीएक्सएलआर प्लस सारखा अडॅप्टर वापरा. तो १२ ते ४८ व्होल्टचा फँटम उतरवून तीन ते पाच व्होल्टच ठेवतो. नुसता जोडणी बदलणारा स्वस्त अडॅप्टर आवाज देईल, पण ४८ व्होल्टही बिनदिक्कत पुढे पाठवेल.

आवाज फाटतोय म्हणून लगेच फँटमवर संशय नको. रिसीव्हरच्या मागे माईक-लाइन असा खटका असतो. तो लाइनवर, म्हणजे मोठ्या सिग्नलवर, ठेवून माईक इनपुटला लावलं तरी आवाज तसाच फाटतो. आधी तो बघा.

मोजून खात्री करायची तर मल्टीमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा. मोकळ्या केबलच्या टोकाला पिन १ आणि २ मध्ये ४४ ते ५२ दिसायला हवेत, १ आणि ३ मध्येही तेवढेच, २ आणि ३ मध्ये शून्याच्या आसपास. एका बाजूला ४८ आणि दुसरीकडे शून्य असेल तर केबलची एक तार तुटलीय किंवा पिना आपसात चिकटल्यात. अशी केबल कॉर्डलेससाठीच नव्हे, पातळ धातूच्या पट्टीवर चालणाऱ्या रिबन माईकसाठीही घातक.

बटण दाबायची एक रीत आहे. चॅनल म्यूट करा, फेडर खाली, मग पिन लावा, मग फँटम, दहा सेकंद थांबा, मग म्यूट काढा. बंद करताना हेच उलट. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमधली वीज उतरायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ पिन ओढू नका. ही घाई केली की हॉलभर ‘धप्प’ ऐकू येतं आणि स्पीकरचे ट्वीटर त्याचा हिशेब ठेवतात.

अँटेनाच्या वायरीतली वीज

मोठ्या संचात आणखी एक वीज लपलेली असते, आणि ती फँटमसारखीच सिग्नलच्या तारेतून जाते. चार-पाच रिसीव्हर एका अँटेना डिस्ट्रिब्यूटरवर, म्हणजे अँटेनाचा सिग्नल सगळ्यांत वाटणाऱ्या पेटीवर, चालवतात तेव्हा त्याच्या अँटेना लावायच्या बीएनसी सॉकेटवर साधारण १२ व्होल्ट डीसी असतात, लांबच्या अँटेनामधल्या बूस्टरला वीज द्यायला. इथे मिक्सरचा ४८ व्होल्ट कुठेच येत नाही. पण तिथे अशी पॅसिव्ह, म्हणजे बूस्टर नसलेली, अँटेना लावली जिची रचना डीसीला शॉर्ट असते, तर ती वीज थेट ग्राउंडला जाते आणि डिस्ट्रिब्यूटर संरक्षणात जातो किंवा आतला फ्यूज उडतो. लावण्याआधी मल्टीमीटरने अँटेनाच्या मधल्या पिनेपासून बाहेरच्या कड्यापर्यंत ओहम मोजा. शून्याजवळ आले तर मध्ये डीसी अडवणारी जोडणी हवी, किंवा डिस्ट्रिब्यूटरवर ती वीज बंद करायचा खटका असेल तर तो बंद. उलट बाजूने, बूस्टर लावला आणि मध्ये साधा स्प्लिटर आला, तर काही स्प्लिटर डीसी पुढे जाऊ देत नाहीत. बूस्टर उपाशी राहतो आणि सिग्नल बूस्टर नसतानापेक्षाही कमी येतो. बूस्टरवरचा छोटा दिवा लागलाय का, एवढं खाली उभं राहून पाहिलं तरी हे कळतं.